१९५७ चं चेक कार्टून, निळी चड्डी आणि आपला जवस

शाळेचा_फळा
प्रागच्या स्टुडिओत तयार झालेली 'क्रतेक' ही जुनी कार्टून मालिका इथं कोणी पाहिली आहे का? टॉम-जेरी आणि मोगली सगळ्यांच्या तोंडी असतात, याचं नाव मात्र क्वचितच निघतं. १९५७ चा पहिला भाग जेमतेम तेरा मिनिटांचा. जमिनीखाली बिळं करून राहणारा मोल नावाचा छोटा प्राणी, त्याला सापडलेल्या वस्तू ठेवायला खिसेवाली चड्डी हवी असते. आयती कुठून मिळणार? तेव्हा जवसाचं झाड त्याला सांगतं की माझ्यापासून कापड होतं. मग बेडूक, करकोचा, हेजहॉग, कोळी, मुंग्या, प्रत्येक जण एकेक काम करून देतो आणि शेवटी दोन मोठ्या खिशांची निळी चड्डी तयार होते.

आमच्या भंडारा पट्ट्यात धान निघालं की बांधीत जवस नाहीतर लाखोळी असतेच. तिसरी-चौथीला हा भाग दाखवला की "गुरुजी, आपल्या जवसाची होते का चड्डी?" हे विचारलं जाणारच. तर जाणकारांना दोन प्रश्न. कार्टूनमधली पद्धत खरी किती आणि गंमत किती? आणि गावच्या जवसापासून बाहुलीला घालता येईल एवढी चड्डी मुलांकडून करून घेता येईल का? पेरणीला महिना-दीड महिना आहे म्हणून आत्ताच विचारतो.

पऱ्हाटीभाऊ
कापसाच्या मुलखात जवसाची चड्डी? काहून गुरुजी, आमच्या पऱ्हाटीनं तुमचं काय घोडं मारलं?

रीळवाला
निवड चांगली आहे. हा भाग पुढच्या भागांपेक्षा वेगळा आहे. मालिकेचे चित्रकार-दिग्दर्शक झ्डेन्येक मिलर यांच्याकडे काम आलं होतं ते कापड कसं तयार होतं हे मुलांना समजावणाऱ्या फिल्मचं, मोल त्यांना नंतर सुचला. त्यामुळे गोष्टीचा सांगाडा मुळातच कामाच्या पायऱ्यांचा आहे. फिल्मला व्हेनिसच्या महोत्सवात बक्षीस मिळालं, तरी दुसरा भाग यायला १९६३ उजाडलं. तो मोटारगाडीचा, त्यानंतर १९६५ मध्ये रॉकेटचा. पहिल्या भागात पात्रं बोलतात. पुढे मिलर यांनी शब्द काढूनच टाकले, उरले हुंकार, हसणं आणि आश्चर्याचे उद्गार, तेही त्यांच्या मुलींच्या आवाजात. म्हणजे भाषेची अडचण मुख्यतः याच भागात आहे. गुरुजींनी आवाज बारीक करून मधेमधे स्वतः सांगावं, मुलं नाहीतरी चित्रावरूनच ओळखतात.

दाखवताना काय काय बिघडतं ते सांगतो.

टीव्हीची चौकट ४:३ वर ठेवा. १६:९ वर ताणलं की चित्र आडवं एक तृतीयांशानं फुगतं, आणि या मालिकेतलं सगळं रेखाटन गोलाकार असल्यानं ते लगेच खुपतं.

दोन प्रतींची लांबी वेगळी दिसली म्हणून एक कापलेली आहे असं समजू नका. फिल्म सेकंदाला २४ चौकटींची, म्हणजे फ्रेमची असते, युरोपातला टीव्ही २५ चा. टेपवरून उतरवलेली प्रत त्यामुळे चार टक्के घाईत पळते, तेरा मिनिटांत अर्धं मिनिट जातं आणि संगीत अर्धस्वराला थोडं कमी इतकं वर चढतं. प्लेअरमध्ये वेग ०.९६ केला की चाल जागेवर येते.

प्रत गुलाबी-लालसर दिसत असेल तर ती उडालेल्या रंगाच्या प्रिंटवरून घेतलेली आहे. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर थर सहसा आधी जातो. इथं अख्खी गोष्ट निळ्या चड्डीपाशी पोचते, तेव्हा अशी प्रत काय कामाची?

नुसती_वाचक
चित्र पाहिलं. ही तर घूस आहे! आमच्या गावची पोरं दगड शोधतील.

रानपिंगळा
घूस नाही. घूस उंदराच्या कुळातली, कुरतडणारी, धानाच्या बांधाला भोकं पाडणारी. मोल कुरतडत नाही, तो गांडुळं आणि किडे खातो. विदर्भात मोल नाहीत, भारतात ते ईशान्येकडे आणि हिमालयाच्या बाजूला. आपल्या ओळखीतला त्याचा जवळचा नातलग म्हणजे चिचुंद्री. आणि हेजहॉग दिसला की मुलं "साळिंदर!" ओरडतील. साळिंदर बरंच मोठं, तेही कुरतडणाऱ्यांतलं. हेजहॉगचं कूळ चिचुंद्रीच्या जवळचं. दाखवण्याआधी फळ्यावर या पाचांची चित्रं काढली तर नंतरचा गोंधळ वाचेल.

वाखदोर
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. क्रम खरा आहे.

जवसाच्या खोडात बाहेर साल, तिच्या आत वाखाच्या, म्हणजे चिवट लांब तंतूंच्या जुड्या आणि मधोमध लाकूड. तिन्हींना धरून ठेवतो तो पेक्टिन नावाचा डिंक. बेडकांचं पाण्यातलं काम म्हणजे तो पेक्टिन कुजवणं. करकोचा चोचीनं काडी मोडतो तेव्हा आतल्या लाकडाचे तुकडे होतात आणि वाख लवचीक असल्यानं तसाच राहतो. हेजहॉगचे काटे ही फणी. फिल्ममध्ये पळवलंय ते बोंडं काढणं, कुजल्यावर पुन्हा वाळवणं आणि मोडल्यावर झोडपून भुसा पाडणं. खरा घाम या तीन कामांत निघतो, पण तेरा मिनिटांत किती दाखवणार.

अंबाडीचा किंवा सनाचा वाख काढलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना करकोच्याचं काम फालतू वाटेल. अंबाडीची काडी जाड, कुजली की हातानं सोलून लांब पट्टी निघते. जवसाची काडी दोन-तीन मिलिमीटरची, ती सोलत बसता येत नाही. ती मोडावीच लागते.

आता दुसरा प्रश्न. चड्डी होईल, पण उभ्या धानात फेकून घेतलेल्या जवसाची करू नका. आपले वाण दाण्याचे, म्हणजे तेलाचे. पीकेव्ही एनएल-२६० घ्या किंवा गावठी घ्या, उंची ४०-६० सेंटिमीटर आणि अर्ध्यातून फांद्या फुटतात. फांदी फुटली तिथं वाखाची सलगता तुटते. धाग्याचा जवस ८० ते १२० सेंटिमीटर सरळ वाढतो आणि फक्त शेंड्याला फांदतो. जीवन, गौरव, शिखा हे वाण दाणा आणि धागा दोन्हींसाठी आहेत, नागपूरच्या कृषी महाविद्यालयातल्या जवस संशोधन केंद्रात विचारून पाहता येईल. नाहीच मिळाले तर गावठी बी दाट पेरा. दाटीत झाडाला उजेडासाठी वर जावं लागतं, फांद्या कमी फुटतात, खोड बारीक राहतं आणि वाख मऊ येतो.

आणखी एक. कापायचा नाही, मुळासकट उपटायचा. विळ्यानं बुडाचे चार-पाच सेंटिमीटर जातात, आणि आपल्याकडे आधीच लांबीची बोंब.

पऱ्हाटीभाऊ
उपटायचा कवा पण? दाना पिकल्यावर का?

वाखदोर
नाही भाऊ, पूर्ण पिकला की वाख राठ झालेला असतो. खालचं दोन-तृतीयांश खोड पिवळं, बुडाची पानं गळालेली, बोंडं तपकिरी व्हायला नुकती लागलेली, ही वेळ. फुलोऱ्यानंतर साधारण महिनाभरात येते. दाण्याच्या पिकापेक्षा पंधरा-वीस दिवस तरी आधी. गादमाशीनं कळ्या खाल्ल्या तर दाणा जातो, धाग्याचं काही बिघडत नाही, एवढी एकच सवलत आहे.

पऱ्हाटीभाऊ
म्हंजे चटणी का चड्डी, एकच काय ते पकडा.

नुसती_वाचक
मी चटणी. 😄 एक वाटी जवस मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत भाजा, अर्धवट भाजला तर चिकट लागतो. पाच-सहा सुक्या मिरच्या, जिरं, मीठ, आठ-दहा लसूण पाकळ्या. लसूण शेवटी घालून दोनच फेरे द्या. जास्त करून ठेवू नका, कुटलेल्या जवसाचं तेल लवकर खवट होतं.

वाखदोर
दोन्ही थोडं थोडं होतं. अर्धकच्ची बोंडं सावलीत पसरून वाळवली तर दाणा बऱ्यापैकी भरतो. चटणीपुरता चालेल, बियाण्याला ठेवू नका.

बोडीकाठ
कुजवण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण कार्टून पाहून पोरं पेंढ्या घेऊन थेट तलावावर जातील. बोडीत (छोट्या तळ्यात) किंवा मामा तलावात जवस, अंबाडी काहीच कुजवू नका. कुजवताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. आमच्याकडच्या तलावांवर ढिवर समाजाची मासेमारी असते, नसतं भांडण ओढवून घ्याल.

दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम घ्या. लोखंडी नको, गंजाचे काळे डाग वाखावर बसतात. मनगटाएवढ्या जाडीच्या सैल जुड्या, मुळं खाली, वर आडव्या काड्या आणि दगड. सगळं पाण्याखाली राहिलं पाहिजे, वर उघडं राहिलेलं टोक कुजत नाही. पहिलं पाणी एका दिवसानं ओतून द्या, ते चहाच्या रंगाचं होतं. नंतर रोज चौथा हिस्सा बदला. फेब्रुवारीत सहा ते आठ दिवस लागतात, मार्चच्या उन्हात चार-पाच.

तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ एक काडी काढून वाळवा आणि मधोमध मोडा. लाकूड तुटून वाख सलग सुटला की झालं. लाकडाला चिकटून राहिला तर अजून वेळ आहे. वाखच ओढल्यावर तुटायला लागला तर जास्त कुजला, त्याला इलाज नाही, खतात टाका. ऊन वाढलं की एका रात्रीत हे बिघडतं.

युरोपात शेतातच दवावर पसरून कुजवतात. त्याला तीन ते सहा आठवडे दव लागतं. आपल्याकडे फेब्रुवारी निम्मा झाला की दव कुठलं?

वापरलेलं पाणी शेणखताच्या खड्ड्यात. आणि ड्रम पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीपासून लांब ठेवा. वासानं पोरं खिचडी सोडतील.

रीळवाला
मधल्या वेळात गणिताचा तास. हातानं काढलेल्या अशा फिल्ममध्ये बहुधा एक चित्र दोन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. तेरा मिनिटांचे ७८० सेकंद, गुणिले १२, म्हणजे ९,३६०. प्रत्यक्षात कमी लागतात, कारण पारदर्शक प्लास्टिकच्या पानांचे थर असतात. मोल उभा आणि हात हलतोय, तर हाताचंच पान बदलायचं. मुलांना सांगा, एका दृश्यात काय हलतंय आणि काय स्थिर आहे ते शोधा. मुंग्यांच्या दृश्यात चांगलं सापडेल.

रानपिंगळा
हा मोल अंतराळातही जाऊन आला आहे. २०११ मध्ये एन्डेव्हर यानातून अमेरिकी अंतराळवीर अँड्र्यू फ्यूस्टेल यांनी त्याची बाहुली नेली होती. चौथीच्या मुलांना हे सांगितलं की आदर वाढतो.

पऱ्हाटीभाऊ
घुशीले रॉकेटात बसोलं आन् इकडे आमाले एस्टीत जागा भेटत नाही.

रीळवाला
भाऊ, त्याच मोलाला २०१६ मध्ये थ्री-डी करून पांडाच्या जोडीला बसवलं. हातच्या रेषेतली गोलाई गेली, उरलं प्लास्टिक. मिलर २०११ मध्येच गेले. मुलांना दाखवायचं तर जुनंच दाखवा. कितीही मागितले तरी एका वेळी एकच भाग, आणि १९८२ चा शहराचा भाग लहानग्यांना नको. जंगल तोडून शहर उभं राहतं, जरा जड आहे.

चातीवर_चित्त
सुताबद्दल. आमच्या वर्धेकडे चरखा घरोघरी ओळखीचा, पण कापसाच्या सवयीनं जवस कातायला गेलात तर फसाल. कापसाचा तंतू २५-३० मिलिमीटर, पेळूतून हात लांब ओढला की सूत येतं. विंचरलेला जवसाचा वाख वीतभर ते हातभर लांब. तो पेळूसारखा ओढला की एकतर सगळा झुबका येतो नाहीतर काहीच येत नाही. उभ्या काठीला पंख्यासारखा पसरून सैल बांधा, खालून चार-पाच तंतू ओढा आणि टकळीवर पीळ द्या. बोटं सतत ओली हवीत. वाखात उरलेला पेक्टिन पाण्यानं मऊ होतो आणि बाहेर आलेली टोकं सुताला चिकटतात. कोरडं कातलं तर सूत केसाळ होतं.

त्याआधीची फणी: सागाच्या फळीला अडीच इंची खिळे, एक-एक सेंटिमीटरवर, ओळी तिरकस. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर फळी चिरते. दुसरी फळी अर्ध्या सेंटिमीटरची. वाखाचं टोक आधी विंचरायचं, मग मध्य. उलट केलं तर गुंता होऊन निम्मा वाख फणीतच राहतो. हे काम मोठ्यांनीच करावं, खिळे तळहातात घुसतात. मोडणं-झोडपणं मात्र मुलांना आवडेल. लाकडी पाटावर मोगरी, आणि अंगणात, नाकाला रुमाल बांधून. भुसा फार उडतो.

विणताना ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, कापसाचं सूत घ्या. हातकताईचं जवसाचं सूत ताणत नाही, झटका बसला की तुटतं. आडवा धागा जवसाचा.

वाखदोर
मग ती अर्धी चड्डी कापसाची झाली की. ताणा जवसाचाच ठेवा आणि भाताच्या पेजेची खळ लावा. आंधळगावचे कोसा रेशीम विणणारे नाजूक धागा सांभाळतातच ना.

चातीवर_चित्त
ते पिढ्यान्‌पिढ्या विणतात. इथं चौथीची मुलं पुठ्ठ्याच्या मागावर विणणार आहेत. खळ लावलेलं सूतही पुठ्ठ्याच्या खाचेत घासून तुटतं. एक पट्टी पूर्ण जवसाची करून पाहा हवं तर, पण चड्डी त्यावर अवलंबून ठेवू नका.

पऱ्हाटीभाऊ
ताईचं बरोबर हाये. कापसाबिगर कोनाचं भागते?

तुरटी
रंगाबाबत कार्टूनवर विश्वास ठेवू नका. तिथं निळ्या बेऱ्यांच्या रसात बुडवलं की निळं होतं. तसल्या रसाचा निळा-जांभळा रंग जवसावर टिकत नाही. सोड्याच्या पाण्यात हिरवट होतो, लिंबात लाल, दोन धुण्यांत राखाडी. जांभळाचंही तेच. प्रयोग म्हणून तीन वाट्यांत करून दाखवा, मजा येईल, पण चड्डी त्यात बुडवू नका.

टिकणारा निळा नीळेचाच, आणि तिचं द्रावण शाळेत करण्यासारखं नाही. मी तर पिवळी-केशरी चड्डी करा म्हणेन. वाख तयार होईल तेव्हा पळस फुललेला असतो. १०० ग्रॅम सुताला १५-२० ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर, पिळून वाळवा. मग १० ते १५ ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात तासभर. नंतर पळसाची वाळलेली फुलं सुताच्या वजनाइतकी, अर्धा तास उकळून गाळलेल्या पाण्यात पाऊण तास मंद आच. ॲल्युमिनियमचं भांडं चालेल, लोखंडी कढई नको. हिरडा आणि लोखंड मिळून काळं होतं. हिरडा वगळला तर तुरटी जवसाला नीट धरत नाही, रंग पहिल्या धुण्यात निघतो.

शाळेचा_फळा
सगळ्यांचे आभार. घूस-चिचुंद्रीची चित्रं आधी काढून घेतो. आता नेमकं प्रमाण सांगा. बाहुली साधारण ३० सेंटिमीटर उंच. जागा किती, बी किती? शाळेच्या मागं परसबागेचा तुकडा आहे, काळी माती, बोअरचं पाणी.

वाखदोर
उलटीकडून मोजू. पुढचा-मागचा असे १८ × २० सेंटिमीटरचे दोन तुकडे आणि दोन खिसे, कडा धरून दहावा हिस्सा चौरस मीटर कापड. जाडंभरडं कापड चौरस मीटरला २५० ग्रॅम धरलं तर २५ ग्रॅम. ताणा कापसाचा केला तर जवसाचं सूत फक्त १२-१३ ग्रॅम लागेल, पण शिकाऊ हातांची नासाडी धरून ४०-५० ग्रॅम विंचरलेला वाख ठेवा. धाग्याच्या वाणात १०० किलो वाळल्या काडीतून हातानं १०-१५ किलो लांब वाख येतो, गावठीत सात-आठच धरा. म्हणजे ६००-७०० ग्रॅम वाळली काडी हवी. दाट पेरलेल्या गावठीची चौरस मीटरला २५०-३०० ग्रॅम मिळाली तरी अडीच-तीन चौरस मीटर पुरतात. कुजवण्यात थोडी जाणारच, म्हणून पाच घ्या: दोन मीटर × अडीच मीटरचा वाफा.

बी चौरस मीटरला १५ ग्रॅम, एकूण ७५. दाण्याच्या पिकाला हेक्टरी २५ किलो म्हणजे चौरस मीटरला अडीच ग्रॅम लागतं, त्याच्या सहापट. ओळी सात सेंटिमीटरवर, खोली दोन-तीन सेंटिमीटर, त्याहून खोल नको. काळ्या मातीत वर पापडी धरली तर कोंब अडकतात, उगवेपर्यंत झारीनं ओल ठेवा. एक घमेलं कुजलेलं शेणखत बस. युरिया अजिबात नको. नत्र आणि पाणी जास्त झालं की असं दाट पीक लोळतं, खोड वाकतं आणि वाकलेल्या जागी वाख तुटतो. पाणी पेरल्यावर एकदा, महिन्यानं एकदा आणि कळ्या धरताना हलकं. निंदण झाडं बोटभर असतानाच, नंतर आत पायच ठेवता येत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलं तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला उपटायला येईल.

बोडीकाठ
वाफ्याच्या चारी बाजूंना खुंट्या ठोकून वीतभर आणि दोन वितींवर सुतळी बांधा. वारा आला तरी लोळणार नाही.

शाळेचा_फळा
आणि कापणं? कार्टूनमध्ये क्रेफिश नांगीनं कापतो, पक्षी शिवतो.

चातीवर_चित्त
कापू नका. पुठ्ठ्याच्या मागावरचं कापड सैल असतं, कात्री लागली की कडेचे धागे सरकून सगळं उसवतं. पुठ्ठाच १८ × २० चा घ्या, खाचा अर्ध्या सेंटिमीटरवर, म्हणजे तुकडा चारी कडा बंद होऊनच उतरतो. तसे दोन, खिशांसाठी पाच-पाचचे दोन. पायांच्या मधली फट ठेवायला खालच्या आठ सेंटिमीटरमध्ये आडवा धागा मध्यापर्यंत नेऊन परत फिरवायचा, डावीकडे वेगळा, उजवीकडे वेगळा. जोडायला ओलं करून पिळलेलं तेच सूत आणि बोथट सुई. खिसे आधी लावा, बाजू नंतर. बाजू आधी शिवल्या तर खिशाचा टाका मागच्या तुकड्यात जातो आणि चड्डीत पायच शिरत नाही.